कोपीतली आग आणि उडालेली ताडपत्री : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गळीत हंगाम तोंडावर आला की सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांच्या आसपास आणि उसाच्या पट्ट्यात कोप्यांची वस्ती उभी राहते. बांबू, पाचट आणि ताडपत्रीचं हे घर चार-पाच महिने टिकायचं असतं, आणि त्यातली माणसं पहाटे फडात निघाली की मागे उरतात म्हातारी आणि लेकरं. यंदाच्या पत्रांत बरेचसे प्रश्न या कोप्यांविषयी आहेत, काही पूरग्रस्तांच्या निवाऱ्याविषयी, आणि एक थेट निर्वासितांच्या छावण्यांविषयी. धोके सगळीकडे सारखेच आहेत, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्या हाताखालच्या टोळ्यांच्या मिळून साठ कोप्या पडतात. गेल्या हंगामात एक कोपी पेटली आणि बघता बघता शेजारच्या चार गेल्या. दोन कोप्यांत अंतर किती ठेवावं? जागा तर थोडीच मिळते. (एक मुकादम, ता. मोहोळ)

मुकादम, अंतराचा जगभर वापरला जाणारा नियम असा : दोन निवाऱ्यांत कमीत कमी 2 मीटर, आणि शक्य तिथे निवाऱ्याच्या उंचीच्या दुप्पट. कोपीची उंची साडेसहा फूट धरली तर दुप्पट म्हणजे 13 फूट. आमचा आग्रह 13 फुटांचाच आहे, कारण 2 मीटरचा किमान आकडा पाचटाच्या छपराला अपुरा पडतो.

आग शेजारी कशी जाते ते समजून घेतलं की हा आग्रह पटेल. ताडपत्री प्लास्टिकची असते. साधारण 110 ते 130 अंशांना ती वितळते. त्यामुळे शेजारच्या जाळाची नुसती धग लागली तरी तिला भोकं पडतात, ज्वाळा पोचायची गरजच नसते. त्या भोकांतून उडती ठिणगी आत पाचटावर पडते आणि छप्पर आतून पेट घेतं. वाऱ्यात ज्वाळा आडवी होते, त्यामुळे वाऱ्याच्या पुढची कोपी आधी जाते. तुमच्या चार कोप्या बहुतेक एकाच दिशेला ओळीनं गेल्या असतील, आठवून पाहा.

आता जागेचा हिशेब. माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला साधारण 150 चौरस फूट, 10 बाय 15 ची कोपी. दहा-दहाच्या सहा ओळी, चारी बाजूंनी 13 फुटांचं अंतर, आणि दर दोन ओळींनंतर, म्हणजे वीस कोप्यांमागे, 30 फुटांचा मोकळा पट्टा. हे सगळं धरून 43 गुंठे लागतात. एकराला तीन गुंठे वर. साठ कुटुंबांच्या जिवासाठी ही मागणी जास्त नाही, आणि ती कारखान्याच्या शेतकी खात्याकडे किंवा जागामालकाकडे टोळ्या येण्याआधी करायची असते. ट्रक उतरले की जो तो मिळेल तिथे मेढ रोवतो, मग कुणी हलत नाही. म्हणून आदल्या दिवशी दोरी धरून चुन्यानं आखणी करा. प्रत्येक कोपीचे चार कोपरे जमिनीवर दिसले पाहिजेत.

जागा खरोखर कमी असेल तर कोप्यांमधलं अंतर खाऊ नका. त्यापेक्षा वस्ती दोन ठिकाणी करा.

आखलेली मोकळी जागा हळूहळू कशी भरते हेही तुम्हाला ठाऊक असेल. आठवड्यात तिथे सरपण येतं, मग न्हाणीचा आडोसा, मग बैलांसाठी वाढ्यांचा ढीग, मग मोटारसायकल. आग त्याच वाटेनं पलीकडे जाते. वाढे आणि कडबा वस्तीपासून निदान 50 फूट दूर, तोही वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला. जमिनीवर विखुरलेलं पाचट आठवड्यातून एकदा झाडून काढलंच पाहिजे.

दर वीस कोप्यांमागे 200 लिटरचे दोन ड्रम, त्यांना बांधलेल्या चार-चार बादल्या, मातीचा ढीग, दोन फावडी, भिजवायला आठ-दहा गोणपाटं, आणि लांब बांबूला लोखंडी आकडी. ड्रमचं पाणी कपड्यांना वापरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. आकडी कशासाठी, तर छप्पर ओढून पाडायला. पाचटाची कोपी पेटली की ती वाचत नाही, हे मनाशी धरून चाला. आतली माणसं बाहेर काढा, जळत्या कोपीवर पाणी घालवू नका. वाऱ्याच्या पुढच्या दोन कोप्यांची ताडपत्री आणि पाचट आकडीनं खाली ओढा, ते दूर फरफटत न्या, आणि पाणी त्यांच्या सांगाड्यावर मारा. कोपी परत बांधता येते.

प्रत्येक कोपीला मागच्या बाजूनं दुसरी वाट हवी. मागच्या कुडाचा दोन-अडीच फुटांचा भाग फक्त सुतळीनं बांधून ठेवा, कोयत्याच्या एका घावात सुटेल असा. दाराशी चूल आणि आत झोपलेली माणसं, अशी मांडणी सर्रास दिसते, आणि त्यात दारच पेटलं तर जायचं कुठे?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवसा वस्तीवर एक तरी धडधाकट माणूस ठेवा आणि त्याची दिवसाची मजुरी टोळीनं मिळून भरा. थाळी सलग वाजली की आग, ही खूण लेकरांनासुद्धा माहीत पाहिजे. पहिल्या संध्याकाळी एकदा वाजवून, सगळ्यांना मोकळ्या पट्ट्यात उभं करून पाहा.

प्रश्न : आमच्या साखरशाळेतल्या मुली घरी गेल्यावर स्वयंपाक करतात. पहाटे तीनला चुली पेटतात, थंडीत तर कोपीच्या आतच. चूल सुरक्षित कशी करावी? गॅस घेतलेला बरा का? (एक शिक्षिका, ता. पंढरपूर)

बाई, चूल कोपीच्या आत नको, हे पहिलं. कोपीपासून 10 फुटांवर, वारा कोपीकडून चुलीकडे वाहील अशा बाजूला ती मांडावी. तिला तीन बाजूंनी दोन-अडीच फूट उंचीची मातीची भिंत घाला. ठिणगी उडते ती बहुतेक फुंकर मारताना आणि लाकूड पुढे सारताना, आणि ती भिंत तेवढी अडवते. पावसासाठी पाच-सहा घरांत मिळून चार खांबांवर पत्र्याचं एक छप्पर केलं तर खर्चही वाटला जातो.

चुलीकडच्या कुडाला आतून-बाहेरून माती, शेण आणि भुसा कालवून बोटभर जाडीचा लेप द्या. लेप दिलेला कूड पेटायला वेळ घेतो, आणि झोपेतली माणसं बाहेर काढायला तोच वेळ लागतो. भेगा पडतात, त्या दर पंधरा दिवसांनी बुजवाव्या लागतात.

राखेकडे कुणाचं लक्ष नसतं. वरून विझलेली राख आत कित्येक तास धगधगत राहते. ती पाचटाच्या कडेला टाकली आणि दुपारी वारा सुटला की आग लागते, आणि तेव्हा वस्तीवर कुणी नसतं. फडात निघण्याआधी राखेवर तांब्याभर पाणी ओतून, हलवून, पुन्हा पाणी ओतायचं, आणि ती खड्ड्यातच टाकायची. तुमच्या वर्गातल्या मुलींना हे एकच काम पक्कं शिकवलंत तरी मोठं काम होईल. ओढणी आणि पदर खोचून घेणं, नायलॉनच्या कपड्यांत चुलीशी न बसणं, हेही सांगा. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

गॅस चुलीपेक्षा बरा, यात शंका नाही. पाच किलोची छोटी टाकी कोपीला पुरते. टाकी उभी ठेवायची, शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी, नळी सुरक्षा छापाची आणि पाच वर्षांच्या आतली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून टाकी खड्ड्यात किंवा खोलगट जागी कधीच नको, आणि जमिनीवर झोपणाऱ्या माणसांपासून ती लांब असावी. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून बघा, काडी ओढून नव्हे. वास आला की रेग्युलेटर बंद, दार उघडं, बटणाला हात नाही, मोबाईलसुद्धा बाहेर जाऊन, आणि 1906 वर फोन.

थंडीत घमेल्यात निखारे घालून आत ठेवतात आणि दार ताडपत्रीनं बंद करतात. त्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. निखारे आत न्यायचेच नाहीत. जाड वाकळ आणि जमिनीवर पाचटाऐवजी गोणपाटावर सतरंजी, एवढ्यावर थंडी निभते.

प्रश्न : वस्तीवर आकडा टाकून वीज घेतात. मुलांच्या अभ्यासाला उजेड तर पाहिजेच. (एक वाचक, ता. माळशिरस)

पाहिजेच, पण आकड्यानं नको. आकड्याची तार वाऱ्यात हलते, ठिणग्या टाकते, आणि खाली पाचटाचं छप्पर असतं. त्या तारेला फ्यूज नसल्यामुळे शॉर्ट झालं तरी ती तोडणारं काहीच नसतं. कारखान्यानं किंवा जागामालकानं तात्पुरतं मीटर घेऊन एका खांबावर पेटी बसवावी : त्यात एमसीबी, म्हणजे शॉर्ट झालं की आपोआप पडणारा स्विच, आणि वीज गळाली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा गळती रोधक स्विच. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि ती ताडपत्रीला किंवा कुडाला चिकटवून न नेता खांबांवरून. मोबाईल चार्जिंग त्या पेटीजवळच, एका फळीवर, आणि उशीखाली तर कधीच नाही. हे जमत नसेल तर घरटी एक सौर कंदील. रॉकेलची चिमणी आणि मेणबत्ती यांच्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये वळवाचं वादळ आलं की ताडपत्री उडून जाते, कधी मेढीसकट. खुंट्या तर घट्ट ठोकलेल्या असतात. चुकतं काय? (एक ऊसतोड कामगार, ता. करमाळा)

दादा, चूक बहुधा तीन ठिकाणी असते : कड्यांत, खुंटीत आणि छपराच्या उतारात.

वारा छपराला वरून दाबतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो दारातून आत शिरून छप्पर खालून ढकलतो आणि वरून जाताना ओढतो. म्हणजे कोपीला उचलणारा जोर सांभाळायचा आहे. सपाट छप्पर या ओढीला सर्वांत आधी बळी पडतं. दहा फूट रुंदीच्या कोपीला आढं कडेपेक्षा तीन फूट उंच ठेवा, म्हणजे साधारण 30 अंशांचा उतार मिळतो. तोच उतार पावसाचं पाणीही साचू देत नाही.

ताडपत्रीच्या कोपऱ्यातली पितळी कडी ही सर्वांत कमजोर जागा. सगळा ताण त्या एका भोकावर येतो आणि कडी उपटून निघते. तिच्या भरवशावर राहू नका. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्या, ताडपत्रीच्या काठापासून चार बोटं आत खालच्या बाजूनं लावा, त्याच्याभोवती ताडपत्री गोळा करा आणि त्या गळ्याला दोरीची दुहेरी फास गाठ मारा. ताण गोट्याभोवतीच्या सगळ्या कापडावर पसरतो, भोक पाडावं लागत नाही. दर तीन फुटांवर असा एक गोटा. धारदार दगड नको, तो कापड कापतो.

खुंटी दोन फुटांची हवी, आणि ती जमिनीत तिरपी जावी, डोकं कोपीपासून बाहेर झुकलेलं. दोरी खुंटीच्या शेंड्याला न बांधता जमिनीलगत बांधा, वर बांधली की खुंटी तरफेसारखी उपटते. पण करमाळ्याकडच्या काळ्या रानात मुख्य अडचण मातीची आहे. काळी माती कोरडी असताना दगडासारखी धरते आणि पहिल्या पावसात लोण्यासारखी सोडते. तुमची घट्ट ठोकलेली खुंटी तिथे निघते. अशा जमिनीत चारही कोपऱ्यांना खुंटीऐवजी गाडलेला नांगर करा. दोन फूट खोल चर खणा, त्यात मनगटापेक्षा जाड दोन फुटी ओंडका आडवा ठेवा. ओंडका नसेल तर मुरमानं भरलेलं पोतं चालतं. दोरी त्याच्या मध्यावर बांधून चराच्या कोपीकडच्या बाजूनं तिरकी बाहेर काढा, वर मुरूम टाकून धुमसून घ्या. ओंडक्यावरची अख्खी माती उचलल्याशिवाय तो बाहेर येत नाही.

मेढीही दोन फूट खोल, खड्डा काळ्या मातीनं न भरता मुरूम-दगडानं, सहा-सहा इंचांच्या थरांत. चारही कोपऱ्यांना तिरके बांबू बांधा, त्यांच्याशिवाय सांगाडा कातरीसारखा मिटतो. मग छपरावरून आठ-दहा मिलिमीटरची नायलॉन दोरी दोन्हीकडून तिरकी नेऊन थेट गाडलेल्या नांगराला बांधा, कुडाला नाही. आढ्यावर जिथे दोरी घासते तिथे सायकलची जुनी ट्यूब घाला. सुतळी ओलाव्यानं कुजते, ती एका हंगामाच्याही भरवशाची नाही. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून पाऊस थांबल्यावर सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणून घ्या. फडफडणारी ताडपत्री तासाभरात फाटते, ताणलेली टिकते.

आभाळ भरून आलं की पहिलं काम चूल विझवणं. वादळात कोपी पडते ती चुलीवर, आणि त्यानंतरची आग कुणाला आवरत नाही. ताडपत्री उडायला लागली तर तिला लोंबकळू नका, पत्रा असेल तर त्याच्या आसपासही थांबू नका. शाळा, समाजमंदिर, जे पक्कं असेल तिथे जा.

प्रश्न : छपरावर दगड ठेवले तर चालतील ना? आणि विजेचं काय? (एक वाचक, ता. अक्कलकोट)

दगड नकोत. वाऱ्यात ते घरंगळतात आणि खाली माणसं झोपलेली असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंती आणि मातीची जाड धाबी अंगावर कोसळून. हलकी कोपी भूकंपात उलट सुरक्षित असते, तिच्यावर आपणच ओझं का चढवायचं? वजन हवं असेल तर ते दोरीला बांधून जमिनीलगत लोंबतं ठेवा, वाळूची पोती दोन्ही बाजूंनी.

विजेपासून कोपी काहीच संरक्षण देत नाही. चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. एकट्या झाडाखाली, उघड्या ट्रॅक्टरवर, लोखंडी ट्रॉलीखाली नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मुकादमाच्या मोबाईलमध्ये असावं, ते जवळपासच्या विजेची सूचना देतं.

प्रश्न : सप्टेंबर 2025 च्या सीनेच्या पुरात आमच्या गावातली कुटुंबं शाळेत ठेवली होती. पुन्हा वेळ आली तर काय तयारी हवी? (ग्रामपंचायत सदस्य, ता. माढा)

खोलीत किती माणसं बसतील ते आजच मोजून दारावर लिहा. 20 बाय 20 च्या वर्गात दहा, फार तर अकरा. पाणी माणशी रोज किमान 15 लिटर. संडास वीस माणसांमागे एक, बायकांचे वेगळे, आणि वाटेवर उजेड. स्वयंपाक वर्गात किंवा ओसरीवर नको, मैदानात पत्र्याखाली एकच सामाईक करा. ओल्या अंथरुणांच्या गर्दीत कडेला ठेवलेला स्टोव्ह हा निवाऱ्यातला सर्वांत मोठा धोका आहे. भिंती ओलावल्या असतील तर मेन स्विच बंदच ठेवा, वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नका.

तात्पुरती पालं टाकायची असतील तर गावातल्या जुन्या माणसांना पुराची खूण विचारा आणि तिच्या वर जागा घ्या. ओढ्याच्या कडेची सपाट जागा कोरडी दिसते, म्हणून सगळे तीच निवडतात. सीना पुढे हत्तरसंग-कुडलजवळ भीमेला मिळते. भीमेवरच्या उजनी धरणातून विसर्ग सुरू असेल तर भीमा भरलेली असते आणि सीनेच्या खालच्या अंगाला पाणी लवकर ओसरत नाही. तिकडच्या गावांनी ही गोष्ट मनात धरावी. पालाच्या आत मुरमाचा आठ-नऊ इंच ओटा, भोवती फूटभर रुंद आणि आठ इंच खोल चर, आणि त्या चराचं तोंड शेजारच्या पालात नाही तर ओढ्याकडे.

प्रश्न : मी सोलापुरात समाजकार्य शिकते. रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांतून आपल्याकडे शिकण्यासारखं काय आहे? (एक विद्यार्थिनी)

बरंच आहे. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्या बांगलादेशात कॉक्स बाजारजवळ आहेत. तिथल्या कुतुपालोंग भागात 22 मार्च 2021 ला मोठी आग लागली. बांबू आणि ताडपत्रीचे सुमारे दहा हजार निवारे जळाले, सुमारे 45 हजार लोक उघड्यावर आले, किमान 11 जण गेले. निवारे एकमेकांना चिकटून होते, उतार होता, आणि छावणीभोवतीच्या काटेरी तारेच्या कुंपणामुळे पळणाऱ्यांची अडचण झाली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. आपल्याकडेही वस्तीला कुंपण आणि एकच फाटक, असं दिसतं. कुंपण असेल तर विरुद्ध बाजूंना निदान दोन वाटा हव्यात, कुलूप न लावलेल्या.

मोठ्या छावणीसाठी नियम असा की दर 300 मीटर वस्तीनंतर 30 मीटर रुंद मोकळा पट्टा असावा. कुतुपालोंगला डोंगराळ, अपुऱ्या जागेत तो पाळणं कठीण होतं. जागा ठरवतानाच हा प्रश्न सुटतो किंवा कायमचा अडकतो.

तिथल्या चांगल्या गोष्टीही पाहा. 2018 पासून कुटुंबांना गॅस देणं सुरू झालं, त्यामुळे सरपणासाठी जंगल तोडणं कमी झालं. वादळाच्या मोसमाआधी घरटी दोरी, तार आणि वाळूची पोती वाटली जातात. स्वयंसेवक वादळाची पातळी एक, दोन, तीन झेंड्यांनी कळवतात, ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळतं. भुंगा लागू नये म्हणून बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून वापरतात. तुमच्या प्रकल्पासाठी एक काम सुचवतो : एखाद्या कोप्यांच्या वस्तीत टेप घेऊन जा, प्रत्येक दोन कोप्यांमधलं अंतर मोजा आणि कागदावर काढा. तो नकाशा कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यापुढे ठेवता येतो.

प्रश्न : भाजलं तर लगेच काय करायचं? आमच्याकडे पेस्ट लावतात. (आशा कार्यकर्ती, ता. बार्शी)

पेस्ट, शाई, हळद, तेल, बर्फ, काहीही नाही. भाजलेल्या जागेवर साधं थंड पाणी 20 मिनिटं ओतत राहा. मध्ये थांबायचं नाही, म्हणून दोघींनी आळीपाळीनं तांब्या धरा. लहान लेकराचं बाकीचं अंग मात्र कोरडं आणि झाकलेलं ठेवा, नाहीतर ते गारठतं. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीनं कापा. फोड फोडू नका. मग स्वच्छ, न चिकटणारं कापड सैल टाका, धुतलेलं सुती पातळही चालेल, आणि 108 ला फोन. चेहरा, हात, गुप्तांग भाजलं असेल, धूर छातीत गेला असेल किंवा लहान मूल असेल, तर जखम छोटी दिसली तरी दवाखान्यात न्यायचंच. अग्निशमनासाठी 101, आणि काहीच आठवलं नाही तर 112. फोन करताना ‘कारखान्याजवळ’ एवढं सांगून गाडी पोचत नाही, म्हणून गट नंबर, जवळचा रस्ता आणि वळणावरची खूण एका पत्र्यावर रंगानं लिहून वस्तीच्या तोंडाशी लावून ठेवा.